दमट हवेतील निर्वात नलिका : जुन्या घरगुती रेडिओच्या पुनरुज्जीवनाविषयी

कोकणातील जुन्या घरांतून माजघराच्या फडताळावर किंवा ओटीवरील कोनाड्यात एखादी लाकडी पेटी भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेली आढळते. तिच्या तोंडाशी जाळीदार कापड असते, खाली काचेच्या पट्टीवर मुंबई, दिल्ली, सिलोन अशी नावे पुसट झालेली असतात आणि दोन-तीन बोंडांपैकी एखादे हरवलेले असते. घराच्या वाटण्या झाल्या, कौले जाऊन स्लॅब आले, तरी ही पेटी सहसा भंगारात जात नाही. ती कोणी आणली, कोणत्या साली आणली, तिच्याभोवती कोण कोण बसत असे, याची स्मृती कुटुंबात टिकून असते. गणपतीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडील मंडळी घरी येतात, तेव्हा ती पेटी खाली उतरवली जाते, धूळ पुसली जाते आणि ‘लावून तर पाहू’ म्हणून तिची पिन भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसली जाते. चाळीस वर्षांच्या उपेक्षेने जे नुकसान झालेले नसते ते पुष्कळदा या एका मिनिटात होऊन जाते. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचे विवेचन पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास अनेक दृष्टींनी उद्बोधक ठरते. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पाली या गावाची परिस्थिती समोर ठेवणे सोयीचे आहे.

बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून पाली सर्वश्रुत आहे. सरसगडाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. हा तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात मोडत असे. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि त्या जिल्ह्यास १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले. रेडिओच्या दृष्टीने या स्थानाचे दोन विशेष आहेत. पहिला असा की, मुंबई व पुणे ही दोन्ही नभोवाणी केंद्रे येथून जवळजवळ सारख्याच, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरच्या, हवाई अंतरावर आहेत. मात्र पुण्याच्या बाजूस सह्याद्रीची भिंत उभी आहे, तर मुंबईच्या बाजूस खाड्या, खाजणे आणि सखल भूमी आहे. मध्यलहरींची भूपृष्ठावरून जाणारी शाखा खाऱ्या पाण्यावरून फारशी न क्षीण होता प्रवास करते आणि कोरड्या खडकाळ प्रदेशात लवकर शोषली जाते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. दुसरा विशेष विजेसंबंधी आहे. पालीच्या उत्तरेस खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्केंद्र १९१५ मध्ये आणि आग्नेयेस भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. परंतु त्यांची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. उच्चदाबाच्या तारा ज्या मुलखावरून गेल्या त्या मुलखातील खेडी मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीवरच राहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत वीज खेडोपाडी पोहोचू लागली.

या दुसऱ्या विशेषाचा परिणाम असा की, कोकणच्या अंतर्भागात सापडणारा जुना रेडिओ विजेवर चालणारा असेलच असे गृहीत धरता येत नाही. पुनरुज्जीवनाचा पहिला प्रश्न हाच आहे : हे यंत्र कोणत्या शक्तीवर चालण्यासाठी बांधले गेले? बिनविजेच्या गावांसाठी कोरड्या बॅटऱ्यांवरचे संच विकले जात. त्यांत तंतू तापविण्यासाठी दीड व्होल्टाचा एक घट आणि धनाग्रांसाठी नव्वद व्होल्टांची बॅटरी अशी जोडी असे. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ या चार व्हॉल्व्हांच्या संचात चारही तंतू मिळून १२५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, आणि पहिल्या तिघांचा प्रत्येकी वाटा केवळ २५ मिलिअँपिअर असतो. केसापेक्षाही बारीक अशा या तंतूंवर चुकून नव्वद व्होल्ट पडले, तर क्षणार्धात चारही व्हॉल्व्ह निकामी होतात. असा संच भिंतीतील विजेस जोडला तर काय होईल हे सांगावयास नको. दुसरा प्रकार सहा व्होल्टांच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारा असे. त्यात कंपक नावाचे साधन सेकंदास सुमारे शंभर वेळा प्रवाह तोडून-जोडून त्यास रोहित्रातून जाण्याजोगा करी. या कंपकाची गुणगुण ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती विसरता येत नाही. सुदैवाने कोरड्या बॅटरीचा संच चालविणे आज सर्वांत सोपे आहे. नऊ व्होल्टांचे दहा लहान घट एकसरीत जोडले की नव्वद व्होल्ट मिळतात आणि तंतूंसाठी एक मोठा साधा सेल पुरतो.

बिनविजेच्या खेड्यांपर्यंत नभोवाणी नेण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यसनीय प्रयत्न म्हणजे १९५६ मधील पुणे केंद्राची शेतकरी श्रोतृमंडळाची योजना होय. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावी श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले. कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. त्यामुळे पालीसारख्या गावी जो रेडिओ आला तो बहुधा कोणा घरच्या मिळवत्या माणसाने मुंबईहून आणलेला, खाजगी मालकीचा. आळीतील मंडळींनी तो ऐकला तरी त्याची निगा त्या एका घराकडेच राहिली. आज दुरुस्तीस निघणारी यंत्रे कौटुंबिक आहेत याचे कारण या इतिहासात सापडते.

रेडिओचे वय ठरविण्यासाठी घरातील सांगोवांगी पुरेशी नसते. मुंबईचे केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले, आणि ग्राहकास वर्षाला दहा रुपये देऊन परवाना घ्यावा लागे. ही परवान्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकापर्यंत चालू होती. टपाल कार्यालयातून मिळणारे परवाना-पुस्तक पुष्कळ घरांतून जुन्या दस्तऐवजांत ठेवलेले सापडते. त्यावर यंत्राची जात व क्रमांक असतो. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी घरातील पत्र्याची पेटी उघडून पाहणे अधिक फलदायी ठरते. दुसरा पुरावा व्हॉल्व्हांचा. अष्टखुंटी बैठकीचे व्हॉल्व्ह असतील तर यंत्राची रचना महायुद्धाच्या आगेमागेची समजावी, रिमलॉक पद्धतीचे असतील तर महायुद्धानंतरची, आणि नऊ बारीक खुंट्यांचे काचेचे व्हॉल्व्ह असतील तर १९५० नंतरची. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ग्रहणयंत्राचे व्हॉल्व्ह १९६१ च्या सुमारास बनविण्यास प्रारंभ केला. तेव्हा त्या कारखान्याचा शिक्का असलेला व्हॉल्व्ह जुन्या संचात सापडला तर तो नंतर बदललेला आहे हे उघड होते. फिलिप्सचा कलकत्त्याचा कारखाना, ठाण्याचा मर्फीचा, मुंबईची नॅशनल एको कंपनी ही नावे पश्चिम महाराष्ट्रातील घरांतून वारंवार भेटतात.

आता यंत्राच्या अंतर्भागाकडे वळावे. या काळातील जवळजवळ सर्व घरगुती रेडिओ सुपरहेटेरोडाइन पद्धतीचे आहेत. एरियलकडून आलेली लहर आणि यंत्रातच निर्माण केलेली दुसरी लहर यांच्या मिश्रणातून त्यांच्या कंप्रतांच्या वजाबाकीइतकी एक स्थिर मध्यम कंप्रता मिळविली जाते, बहुधा ४५५ किंवा ४७० किलोसायकल. पुढील सर्व विवर्धन या एकाच कंप्रतेवर होते. पहिला व्हॉल्व्ह मिश्रणाचा, दुसरा मध्यम कंप्रतेच्या विवर्धनाचा, तिसरा शोधनाचा व ध्वनीच्या प्राथमिक विवर्धनाचा, चौथा शक्तीचा आणि पाचवा एकदिशीकरणाचा, अशी पंचायत या पेटीत बसलेली असते. तिच्या कार्याचे तत्त्व क्रमिक पुस्तकांत सविस्तर दिलेले असल्याने येथे अधिक विस्तार नको.

क्रमिक पुस्तकांत जे नसते ते म्हणजे हवेचा परिणाम. पालीच्या परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. अशा हवेत कागद, सुती आवरण, मेण व पुठ्ठा ही सर्व पाणी शोषतात. तथापि सर्वांत घातक परिणाम कागदावर होत नाही, तांब्यावर होतो. मध्यम कंप्रतेच्या रोहित्रांची आणि लाउडस्पीकरच्या रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याची तार फार बारीक असते, आणि ही वेटोळी चासीच्या मानाने दोनशे-अडीचशे व्होल्ट धन दाबावर असतात. एनॅमलच्या आवरणात एखादे सूक्ष्म छिद्र असले व तेथे ओलावा आणि हाताच्या घामातील क्षार किंवा डाखकामातील अवशेष असले, की विद्युत-विच्छेदनाचा एक चिमुकला घट तयार होतो. त्यात तांब्याची तार धनाग्र असते, आणि धनाग्राचे तांबे विरघळते.

या झिजेचा वेग फॅरडेच्या नियमाने सहज काढता येतो. त्या छिद्रातून एक मायक्रोअँपिअर प्रवाह वर्षभर सतत वाहिला, तर सुमारे ३१.५ कूलोम विद्युत्भार जाऊन साधारण १०.४ मिलिग्रॅम तांबे विरघळेल. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या तारेचे एक मिलिमीटर लांबीतील वस्तुमान अवघे ०.०७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका मिलिमीटरचा तुकडा नाहीसा होण्यास अडीच दिवस पुरतात. यंत्र रोज चार तास चालले तर पंधरा दिवस लागतील. गळती याच्या शंभरावा भाग असली, तरी चार वर्षांत तार तुटते. रेडिओ ‘आपोआप’ बंद पडला असे जे सांगितले जाते, त्यामागे पुष्कळदा ही रसायनक्रिया असते. तुटल्या जागी मोरचुदासारखा हिरवा ठिपका दिसतो, आणि कसबी कारागीर वेटोळे न उलगडता आधी तोच शोधतो. टेलिफोनच्या केंद्रांत बॅटरीचे धन टोक जमिनीस जोडून तारा ऋण दाबावर ठेवण्याची रूढी आहे, तीही याच झिजेस आळा घालण्यासाठी. रेडिओच्या रचनाकारास व्हॉल्व्हाच्या स्वभावामुळे तशी मोकळीक नव्हती. महायुद्धात विषुववृत्तीय रणांगणांवर यंत्रे धडाधड निकामी होऊ लागली, तेव्हा लाखेचे व मेणाचे लेप देऊन वेटोळी हवाबंद करण्याकडे लक्ष गेले. पुढील काळातील चांगल्या संचांना त्याचा लाभ झाला, स्वस्त संचांना क्वचितच.

याच्या खालोखाल उपद्रव कागदी कंडेन्सरचा. धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये मेणविलेला कागद गुंडाळून तो केलेला असतो. जुना झाल्यावर कागदातील आम्ल व ओलावा यांमुळे तो एकदिश प्रवाहास वाट देऊ लागतो. संचातील बहुतेक ठिकाणी थोडी गळती सोसवते. एका ठिकाणी मात्र ती मुळीच सोसवत नाही. ते ठिकाण म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हाच्या धनाग्रापासून शक्तिव्हॉल्व्हाच्या ग्रिडपर्यंत ध्वनी नेणारा जोडकंडेन्सर. धनाग्रावर नव्वद व्होल्ट आहेत, ग्रिडचा रोधक ०.६८ मेगओहमचा आहे आणि कंडेन्सरची गळती पाच मेगओहमइतकी आहे असे मानले, तर ग्रिडवर साधारण १०.८ व्होल्ट धन दाब येऊ पाहतो. ग्रिडप्रवाह सुरू झाल्याने तो प्रत्यक्षात इतका चढत नाही. परंतु ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हाचे ग्रिड ऋणाग्राच्या मानाने उणे सात व्होल्टांच्या आसपास असावे लागते, तेव्हाच त्याचा धनाग्रप्रवाह ४८ मिलिअँपिअरच्या मर्यादेत राहतो. ऋण दाब नाहीसा झाला की प्रवाह भलताच वाढतो, धनाग्र लाल होते आणि पाठोपाठ लाउडस्पीकरचे रोहित्र जळते. पाच मेगओहमची गळती साध्या मीटरवर ‘जवळजवळ अखंड’ अशीच दिसते. म्हणून मीटरने तपासून हा कंडेन्सर चांगला ठरविणे धोक्याचे आहे. तो एकटाच, कोणतीही चाचणी न घेता, बदलावा. ग्रहणयंत्रातील इतर कोणत्याही भागाविषयी असा सरसकट सल्ला देता येणार नाही.

तिसरा घटक विद्युत-विच्छेदी कंडेन्सर, म्हणजे चासीवर उभा असणारा ॲल्युमिनियमचा डबा. त्यातील विसंवाहक म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर विद्युत्क्रियेने चढविलेला ऑक्साइडचा थर होय. दर व्होल्टास सुमारे १.४ नॅनोमीटर या हिशेबाने ३५० व्होल्टांसाठी त्याची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन भरते. दीर्घकाळ दाब न मिळाल्यास हा थर विरत जातो. अशा स्थितीत एकाएकी पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर जवळजवळ तारेसारखा वागतो, आतील द्रव उकळतो आणि एकदिशीकारक व्हॉल्व्ह अथवा मुख्य रोहित्र बळी पडते. गणपतीच्या दिवसांतील तो अपघात बहुधा येथेच घडतो. उलट वीस-पन्नास हजार ओहमच्या रोधकातून हळूहळू दाब चढवीत नेल्यास गळतीचा प्रवाहच नवा थर बांधतो. काही तासांनी गळती दोन-तीन मिलिअँपिअरच्या आत आली आणि डबा थंड राहिला, तर तो कंडेन्सर आणखी काही काळ काम देईल असे समजावे. पुष्कळ कंडेन्सर या कसोटीस उतरत नाहीत. तळाशी पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली दिसली तर कसोटी घेण्याचेही कारण नाही.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम मागचा पुठ्ठा काढून, काही न हलवता, छायाचित्रे घ्यावीत. कोणता व्हॉल्व्ह कोठे होता, दोरी कोणत्या चाकावरून कशी फिरली होती, हे नंतर आठवत नाही. दोन कुंच्यांनी, एक मऊ व एक राठ, कोरडी सफाई करावी. उंदराने कुरतडलेल्या तारा, झुरळांची घरटी, भुगा झालेले रबरी आवरण या गोष्टी याच वेळी दिसतात. रबराचे आवरण बोटाच्या स्पर्शाने तुटत असेल, तर ती तार चांगली दिसली तरी बदलावी लागते. मग वेटोळ्यांचे रोध मोजावेत व मुख्य रोहित्राचे निरोधन पाचशे व्होल्टांच्या मेगरने तपासावे. पावसाळ्यात ही चाचणी फसवी ठरते. ओलसर रोहित्र निकामी वाटते, आणि मंद उष्णतेत दोन दिवस ठेवल्यावर तेच निर्दोष ठरते. एरवी ज्या कामास घाई नाही ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, हाती घेतलेले बरे.

प्रथम वीज देताना संचाच्या एकसरीत साध्या तंतूचा दिवा जोडण्याची जुन्या कारागिरांची पद्धत अजूनही सर्वोत्तम आहे. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टांवर जास्तीत जास्त पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ देतो. आत कोठे जोड लागलेली असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र वाचते. दोष नसेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. एकदिशीकारक व्हॉल्व्ह काढून ठेवून प्रथम केवळ तंतू पेटतात का ते पाहावे, आणि मगच तो बसवावा. तपासणीनंतर शंभर वॅटचा दिवा लावला म्हणजे संचास बोलण्याइतका दाब मिळतो. रोहित्रावर दाब निवडण्याची चकती असल्यास ती सर्वांत वरच्या खुणेवर ठेवणे हिताचे.

येथे एका प्रकारच्या संचाविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या संचात मुख्य रोहित्रच नसते. यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ व यूवाय ४१ या मालिकेतील व्हॉल्व्हांचे तंतू एकसरीत जोडलेले असतात. त्यांना अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ व ३१ असे एकूण ११६.६ व्होल्ट लागतात, आणि उरलेले ११३ व्होल्ट एक रोधक गिळतो. शंभर मिलिअँपिअर प्रवाहास तो सुमारे ११३० ओहमचा असून अकरा वॅटहून अधिक उष्णता देतो. परंतु खरी चिंता उष्णतेची नाही. अशा संचाची चासी विजेच्या एका तारेस थेट जोडलेली असते. पिन उलटी बसली की संपूर्ण लोखंडी सांगाडा २३० व्होल्टांवर येतो, आणि निसटलेल्या बोंडाच्या जागी उघडी पडलेली दांडी किंवा तिचा लहानसा स्क्रू बोटाला लागला तरी प्राण जाऊ शकतो. हरवलेले बोंड ही अशा संचात सौंदर्याची बाब राहत नाही. काम करताना विलगक रोहित्राशिवाय त्यास हात लावू नये. उष्ण रोधकाजवळ पांढरट, तंतुमय पत्रा असल्यास तो ॲस्बेस्टॉसचा असण्याचा संभव ध्यानी घेऊन तो खरवडू अथवा झाडू नये. रोहित्र असलेल्या संचातही पुरेशी सावधगिरी हवी. ३२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरात ३५० व्होल्टांवर सुमारे दोन ज्यूल ऊर्जा साठते आणि पिन काढल्यावरही ती तेथेच राहते.

व्हॉल्व्ह मात्र लोक समजतात तितके नाजूक नसतात. काचेच्या आत बेरियमचा रुपेरी लेप दिसत असेल तर निर्वात शाबूत आहे. तो लेप दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली आहे आणि इलाज नाही. सर्व व्हॉल्व्ह एकदम बदलण्याचा उत्साह निरर्थक होय. त्यांपैकी बहुधा शक्तिव्हॉल्व्ह आणि एकदिशीकारक यांचेच उत्सर्जन खालावलेले असते. कार्बनच्या रोधकांची किंमत ओलाव्याने व वयाने सहसा वाढत जाते. छापील मूल्याच्या वीस टक्क्यांहून अधिक फरक पडलेले तेवढेच बदलावेत. लाउडस्पीकरच्या कागदी शंकूची भोके पातळ कागद व सौम्य खळीने बुजविता येतात. शंकू बदलला तर आवाजाची जात बदलते, आणि कुटुंबास आठवतो तो त्याच शंकूचा आवाज असतो. लाउडस्पीकर बदलावयाचाच झाला तर रोहित्राशी त्याचा मेळ तपासावा. ईएल ८४ ला ५२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर ३.२५ ओहमचा असेल तर या दोहोंचे गुणोत्तर १६०० आणि वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे ४० येते. आज बाजारात सहज मिळणारा आठ ओहमचा स्पीकर तेथे बसविला की प्रतिबिंबित भार १२,८०० ओहमांवर जातो आणि आवाज किरटा होतो.

यंत्र बोलू लागल्यावर मेळ बसविण्याचा प्रश्न येतो, आणि येथे उतावीळपणाने झालेले नुकसान भरून काढणे अवघड असते. मध्यलहरीचा पट्टा ५४० ते १६०० किलोसायकल धरला तर त्यासाठी धारणाशक्तीचे गुणोत्तर ८.७८ लागते. स्थानिक आंदोलकाचा पट्टा ४५५ मिळवून ९९५ ते २०५५, म्हणजे धारणाशक्तीचे गुणोत्तर केवळ ४.२७. एकाच दांडीवर फिरणाऱ्या दोन सारख्या परिवर्ती कंडेन्सरांनी हे दोन्ही साधावयाचे तर आंदोलकाच्या बाजूस एकसरीत पॅडर नावाचा कंडेन्सर घालावा लागतो. तरीही मेळ पट्ट्यातील तीनच बिंदूंवर अचूक बसतो, अन्यत्र थोडी तडजोड राहते. खालच्या टोकास, ६०० च्या आसपास, पॅडर अथवा वेटोळ्याचा गाभा आणि वरच्या टोकास, १४०० ते १५०० च्या दरम्यान, ट्रिमर असा क्रम दोन-तीनदा फिरवावा. कारखान्यात मेणाने बंद केलेले मध्यम कंप्रतेचे गाभे मात्र संकेतजनित्र हाताशी नसेल तर मुळीच फिरवू नयेत. गाभा अडकला असता जोर केल्यास तो भंगतो, आणि मग तीस-चाळीस वर्षे टिकलेला मेळ कायमचा जातो. चुकीच्या जागी ऐकू येणारे केंद्र गाभ्यांमुळे क्वचितच सरकलेले असते. बहुधा दोरी सैल होऊन काटा घसरलेला असतो.

पेटीच्या लाकडाविषयी थोडक्यात सांगता येईल. सागाचा पापुद्रा ओलाव्याने सुटला असेल तर सरसाने चिकटवावा, आधुनिक चिकटद्रव्याने नव्हे, कारण सरस पुन्हा सोडविता येतो. जुने पॉलिश लाखेचे असते. ते स्पिरिटाने नरम होते व जागच्या जागी पुन्हा बसविता येते. खरवड कागदाने सर्व काढून वर चकचकीत व्हार्निश देणे ही आज सर्रास आढळणारी चूक होय. वाळवी व कसर यांचा बंदोबस्त यंत्र बाहेर काढूनच करावा.

पुनरुज्जीवनाची मर्यादा कोठे आखावी याबद्दल मतभेद आहेत. जुन्या कंडेन्सरचे पुठ्ठ्याचे कवच मोकळे करून त्यात नवा लहान कंडेन्सर बसविण्याची रीत काही जण नाटकी समजतात. तथापि मूळ मांडणी वाचता यावी यासाठी तिचे समर्थन करता येते, फक्त केलेला बदल कागदावर नोंदवून तो पेटीच्या आत चिकटविला पाहिजे. याउलट, आतील सर्व काढून टाकून त्या जागी ब्लूटूथचा तयार तुकडा घालण्याची जी रूढी वाढत आहे, तिला पुनरुज्जीवन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. दुरुस्त होऊ न शकणारे यंत्र तसेच मूक ठेवलेले अधिक बरे. त्याच्यातील डाखकाम, जागोजागी लावलेले पर्यायी रोधक, एखाद्या गावच्या कारागिराने व्हॉल्व्ह न मिळाल्याने केलेली तोड, हे सर्व अभ्यासकास उपयोगी पडणारे साहित्य आहे. अशा कारागिरांनी लेखी काही ठेवलेले नाही.

शेवटचा प्रश्न काय ऐकावयाचे हा. काचेच्या पट्टीवरील पुष्कळ नावे आज निरर्थक झाली आहेत. लघुलहरीवर १९५२ पासून घराघरांत ऐकली गेलेली सिलोनची हिंदी गाणी आणि १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती यांच्यासाठी हा संच घेतला गेला असावा. पण लघुलहरींचा वापर जगभर ओसरला असून अलीकडच्या काळात भारतातीलही अनेक मध्यलहरी व लघुलहरी प्रक्षेपक बंद झाले आहेत. जी मध्यलहरी केंद्रे चालू आहेत ती ऐकताना अडथळा अंतराचा कमी आणि गोंगाटाचा अधिक असतो. एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर यांतील जलद तुटक प्रवाह ४५५ किलोसायकलच्या आगेमागे व संपूर्ण मध्यलहरी पट्ट्यात खरखर पसरवितात. पालीच्या एखाद्या घरी वीज गेल्यावर, बॅटरीच्या संचावर, रात्री ही खरखर थांबते आणि दूरची केंद्रे वर येतात, कारण त्या वेळी दिवसा मध्यलहरी शोषणारा आयनमंडलाचा खालचा थर विरलेला असतो. विजेवरील संचासाठी पंधरा-वीस मीटर लांबीची उघडी तांब्याची तार घरापासून दूर, दोन झाडांच्या मध्ये, चिनी मातीच्या गोट्यांवर ताणावी आणि पावसाळ्यापूर्वी ती विजेच्या कडकडाटाच्या भयास्तव खाली उतरवावी किंवा घराबाहेरच जमिनीस जोडून ठेवावी. पूर्वी ज्या घरी रेडिओ होता त्या घरच्या आंब्याच्या किंवा माडाच्या खोडात ती गोटी बांधल्याची जखम अजूनही सापडते. नवी तार त्याच दिशेने बांधली, तर मूळ मालकाने कोणते केंद्र ऐकण्यासाठी ती दिशा निवडली असावी याचा तर्क करता येतो.